गडग्यावरचं मांजरपुराण

"वहिनी, तुमच्याकडे एखादी जुनी परात असेल का हो? मोठी नको, बसकी हवी."

गडग्यापलीकडून परात मागितली गेली की आमच्या आळीत पहिला संशय उकडीच्या मोदकांचा आणि दुसरा बारशाचा. श्रावण आत्ता कुठे लागलाय, म्हणजे मोदकांना अवकाश. पलीकडच्या वहिनींची लेक सातव्या महिन्यात, म्हणजे बारसंही लांब. तेव्हा मी सरळ विचारलं, "कशाला हवी?" तर त्यांनी मागे वळून पडवीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मांजराच्या पिल्लाला."

"दूध प्यायला परात?"

"प्यायला नाही हो. त्याच्या उलट."

पडवीत झोपाळ्यावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, अख्ख्या आळीच्या आजी. आजींना कमी ऐकू येतं असं त्या स्वतःच सांगतात. आमचा अनुभव असा, की सांगितलेलं ऐकू येत नाही, लपवलेलं येतं.

"मांजराला परात?" झोपाळा थांबला. "उद्या पाट मांडा, रांगोळी घाला!"

मग सगळी हकिगत बाहेर पडली. त्यांच्या मागीलदारी सरपणाच्या मांडीत भाटी व्यायली, तीन पिल्लं. आषाढात जो पाऊस लागला त्यात मांडीखाली पाणी शिरलं. भाटीने दोन पिल्लं मानेला धरून गोठ्याच्या माळ्यावर नेली, तिसऱ्याच्या वेळी कुत्रा आडवा आला. ते तिथेच ओरडत राहिलं, आणि नववीतल्या चिरंजीवांनी शर्टात गुंडाळून घरात आणलं. भाटी पडवीत येऊन पाजून जाते, पण पिल्लाची वस्ती आता घरात. असेल पाच आठवड्यांचं. डोळे अजून निळे आहेत त्यावरून मीच सांगितलं. सहा-सात आठवड्यांनंतर तो रंग पालटायला लागतो.

"परवा गादीवर," वहिनी बोटं मोजायला लागल्या, "काल इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात. आणि आज..."

"आज?"

"तुळशीत." हे त्या ओठ न हलवता बोलल्या. झोपाळ्यावरून लगेच "शिव शिव" ऐकू आलं.

पावसात कुजू नये म्हणून तुळशीची कुंडी त्यांनी वळचणीखाली आणून ठेवली आहे. आता पिल्लाच्या बाजूने बघा. बाहेर सगळा चिखल. घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत टाइल्स. नखाने उकरता येईल अशी कोरडी, भुसभुशीत माती होती कुठे? त्या एका कुंडीत. घरात पाळतो त्या मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं, कोरड्या मुलखातली. उकरायचं, बसायचं, वळून वास घ्यायचा आणि झाकून टाकायचं, ही रीत तिथपासूनची. पिल्लू तीन आठवड्यांचं होईपर्यंत त्याला आपलंआपण काहीच करता येत नाही. आई चाटते तेव्हा होतं आणि आईच ते साफ करते. तिसरा-चौथा आठवडा उलटला की ते स्वतः भुसभुशीत जागा हुंगत फिरायला लागतं. आईचं बघून लवकर शिकतं, पण आई नसलेलं पिल्लूही उकरतंच. आपण शिकवायचं ते फक्त 'कुठे'.

"आमच्याकडे चार-चार मांजरं असायची," आजी म्हणाल्या. "कोणी शिकवायला गेलं नव्हतं मेल्यांना."

आजींचं खरंच आहे. त्यांच्या काळी चुलीची राख परसात पडायची, आंब्याखाली पातेरा असायचा, गोठ्याच्या कडेला कोरडी माती असायची. मांजर रात्री कुठे जाऊन येतं याची चौकशी करायची वेळ कोणावर आली नाही. गॅस आला तशी राख गेली, गुरं विकली तसा गोठा अडगळीचा झाला, आणि गेल्या मे महिन्यात वहिनींच्या यजमानांनी खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हाच मी म्हटलं होतं, की... जाऊ दे, तो विषय वेगळा.

शिवाय आळीतल्या मांजरांची एक सार्वजनिक सोय होती, तीही यंदा बंद पडली. टोकाच्या घरी भाऊंनी वरचा मजला चढवायला वाळू आणून टाकली होती. दोघा भावांत वाटणीवरून बिनसलं, थोरल्याने नोटीस पाठवली, मजला राहिला आणि वाळूचा ढीगही राहिला. (नोटिशीमागे थोरल्या जावेचा हात आहे असं भाऊंची बायको सांगते. मी आपलं ऐकून घेते.) झाडून सगळी मांजरं त्या ढिगावर जायची. पावसाच्या तोंडावर भाऊंनी त्यावर ताडपत्री घातली आणि वर चिरे ठेवले. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या पडवीत वास, आणि ज्याचा त्याचा संशय वहिनींच्या पिल्लावर. मूठभर जीव, तो आळीभर कसा पुरेल?

"ते विकत मिळतं ना हो, लिटर म्हणतात ते?" वहिनींनी विचारलं. "आमच्या मुंबईच्या वन्सं पिशव्याच्या पिशव्या आणतात. माती विकत आणायची, तीही मांजरासाठी!"

ही माती विकत घ्यायची चाल जिथून पडली, ती गोष्टही शेजारणीचीच आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 1947 च्या जानेवारीत एक बाई शेजारच्या एड लो नावाच्या तरुणाकडे वाळू मागायला गेली. तिचा वाळूचा ढीग थंडीने गोठला होता. राख वापरून बघितली, तर मांजर राखेची पावलं घरभर उमटवायचं. एड लो वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला लागते ती दाणेदार शोषक माती ते विकत. त्याने वाळूऐवजी तीच दिली. थोड्या दिवसांनी बाई परत आली, आता दुसरं काही नको म्हणाली. मग त्याने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, वर हाताने 'किटी लिटर' लिहिलं आणि दुकानात नेऊन ठेवल्या. वाळू कवडीमोलाने मिळत असताना या पिशवीला 65 सेंट कोण मोजणार, असं दुकानदाराचं म्हणणं. एड लो म्हणाला, मग फुकट वाटा. फुकट नेलेली गिऱ्हाइकं पुढच्या खेपेला पैसे घेऊन आली.

"आणि ती माती कुठली, ठाऊक आहे?" मी म्हटलं. "आपल्याकडे मुलतानी माती म्हणतात ती."

"तोंडाला लावतात ती?" वहिनींचा हात गालाकडे गेला. लेकीच्या लग्नाआधी महिनाभर त्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता.

"तीच. तेल शोषते, तसं हेही शोषते."

"बघा!" आजी म्हणाल्या. "आणि मी नातीला सांगत होते, डाळीचं पीठ लाव म्हणून."

आता दुकानात जास्त करून मिळते ती गोळा होणारी माती. ती बेंटोनाइटची. ओली झाली की फुगते आणि त्याचा घट्ट गोळा होतो, गोळा उचलून टाकला की बाकीची स्वच्छ राहते. हा शोध 1980 च्या दशकातला. बेंटोनाइट आपल्या कच्छात खाणीतून निघतं. मोठ्या मांजराला उत्तमच. पण पाच आठवड्यांचं पिल्लू दिसेल ते तोंडात घालून बघतं, आणि पाण्याने फुगणारी माती पोटात गेली तर आतडं अडू शकतं. म्हणून पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत गोळा न होणारं काहीतरी हवं. कागदाच्या लगद्याच्या गोळ्या मिळतात, त्या चालतील. वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या चालतील. वखारीतला भुसा मला पसंत नाही, फार बारीक असतो, नाकात जातो. कोरडी वाळू सगळ्यात सोपी. श्रावणात ऊन कुठून आणणार म्हणा, पण धुऊन कढईत भाजता येते. ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकात येणार नाही, हे आधी घरात ठरवून घ्यावं.

परात मी दिली. काठ तीन बोटं, पिल्लाला पाय टाकून आत जाता येईल असा. वाळू दोन बोटं घालायची, जास्त नको. दोन-तीन महिन्यांत परात अपुरी पडेल. मांजराच्या लांबीच्या दीडपट भांडं लागतं, म्हणजे त्याला आत वळता येतं. तेव्हा गवंड्याचं घमेलं किंवा एक बाजू कापलेला टब बघायचा.

"ठेवणार कुठे?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी, त्याच्या वाटीजवळ. म्हणजे सगळं एका जागी."

हे ऐकून मी गडग्यावरची पाण्याची बाटली पाडली. जेवायच्या जागी कोणतंही मांजर घाण करत नाही. वाटीजवळ परात ठेवली तर ते परात सोडून गादीच शोधणार. पुढे कळलं, की आधी एक खोक्याचं झाकण त्यांनी वॉशिंग मशीनपाशी ठेवलं होतं. पिल्लू त्यात बसलं, मशीन गरगरायला लागलं, आणि पिल्लू जे पळालं ते फ्रीजमागे. त्यानंतर यजमानांनी ते झाकण वासाच्या भीतीने रोज नव्या जागी हलवलं. सकाळी जिन्याखाली, संध्याकाळी मागीलदारी. बदलीवरच्या सरकारी नोकरासारखी गत. एवढ्याशा जिवाने शोधायचं तरी किती?

शेवटी कोठीच्या खोलीवर आमचं एकमत झालं. शांत, बिनवर्दळीची, एका कोपऱ्यात अंथरूण, समोरच्या कोपऱ्यात परात. पहिले काही दिवस पिल्लू त्याच खोलीत. एवढी जागा त्याच्या अंगवळणी पडली की मग हळूहळू घर मोकळं करायचं. झोपून उठलं, पोटभर प्यालं किंवा खेळून दमलं, की अलगद उचलून परातीत ठेवायचं. शेजारी बोटाने वाळू जरा उकरून दाखवायची. त्याचे पंजे धरून उकरायला लावायचं नाही, त्याने ते बिथरतं. पुसलेल्या शूचा कागद आणि थोडी शी परातीतल्या वाळूत ठेवायची. आपल्याच वासावर ते परत येतं. जमलं की गोंजारायचं. नाही जमलं तर काही बोलायचं नाही.

"काही म्हणजे काहीच नाही?" चिरंजीवांनी आतून विचारलं. प्रगतिपुस्तक हाती पडण्याचा आठवडा होता, त्यामुळे प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा.

"मांजराला नाही," वहिनी म्हणाल्या.

पोस्टातून निवृत्त झालेल्या आमच्या काकांचं उदाहरण आळीला माहीत आहे. मांजराने घाण केली की ते त्याचं नाक त्यात घासायचे आणि वर चापट द्यायचे. मांजर शिकलं, नाही असं नाही. काकांच्या देखत करायचं नाही, एवढं शिकलं. मग ते कपाटामागे जाऊ लागलं, आणि काकांना त्याचा पत्ता लागला तेव्हा शिसवी कपाट हलवायला चार माणसं बोलवावी लागली.

कोपऱ्यावरच्या मामींची तऱ्हा आणखी वेगळी. स्वच्छतेच्या फार भोक्त्या. त्यांच्या मनीने कोपऱ्यात एकदा शू केली, तर मामींनी खोलीभर काळं फिनेल ओतलं. मनी त्यावरून चालली, नेहमीप्रमाणे बसून पंजे चाटले आणि तोंडाला फेस. गुरांच्या डॉक्टरांनी वाचवली म्हणून वाचली. मांजराच्या यकृताला फिनॉलचा निचरा करता येत नाही. माणसाच्या पोटात पचणारी कितीतरी द्रव्यं त्याला विष होतात. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी तर त्याला कधीच द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही. फिनेलचा सोपा नियम म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधट होतं असं कुठलंही औषध मांजराच्या घरात फरशीला नको. परात धुवायला गरम पाणी आणि साधा साबण. गादी-कपड्याला आधी टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. मग साबणाचं पाणी, मग व्हिनेगर घातलेलं पाणी आणि वाळल्यावर खायचा सोडा. एन्झाईमचे क्लीनर मिळतात ते सगळ्यांत चांगले, कारण आपल्या नाकाला वास गेला तरी मांजराच्या नाकाला जात नाही, आणि वास आहे तिथे ते पुन्हा बसणार. अमोनियाचे क्लीनर तर नकोतच. त्यांचा वास मांजराला शूसारखाच लागतो.

तुळशीचं काय करायचं, हा प्रश्न आजींच्या दृष्टीने सर्वांत मोठा. मी म्हटलं, कुंडीतल्या मातीवर नदीतले गोटे दाटीने मांडा. उकरता आलं नाही की मांजर तो नाद सोडतं. आजींनी नातवाकडून ते मांडून घेतले, वर हळदकुंकू वाहिलं, आणि पिल्लाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याची सात पिढ्यांची उणीदुणी काढली.

"आणि परात एक पुरणार नाही," मी जाता जाता म्हटलं. "मांजरं जेवढी, त्याहून एक जास्त असा हिशेब असतो. माडीवर दुसरी ठेवा."

"अगो, आम्ही नऊ माणसं होतो," आजी म्हणाल्या, "आणि संडास एक. तोही माडांच्या पलीकडे. पावसात इरलं घेऊन जायचो."

यावर काय बोलणार? वहिनी आणि मी दोघी थोडा वेळ अळवाच्या भावाबद्दल बोललो.

पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. खरं कारण मग निघालं. लेकीच्या सासरहून फोन आला होता. घरात मांजर असेल तर सून बाळंतपणाला पाठवणार नाही, असं विहीणबाईंनी कळवलं होतं. जावईबापू मध्ये पडेनात. यजमान म्हणत होते, पिल्लू बाजारात सोडून येतो. चिरंजीव म्हणत होते, मग मीही जातो.

विहीणबाईंची भीती अगदीच पोकळ नाही, हे मी आधी कबूल केलं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी असतो. मांजराने उंदीर किंवा कच्चं मांस खाल्लं की त्याच्या पोटात जातो, आणि मग एक ते तीन आठवडे त्याची अंडी शीतून बाहेर पडतात. गरोदरपणात बाईला त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण पुढचं कोणी सांगत नाही. ती अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत. बाधण्याजोगी व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. परात रोजच्या रोज साफ झाली तर प्रश्नच बराचसा मिटतो. मांजर मांडीवर बसल्याने हा रोग होत नाही. माणसाला तो पुष्कळदा कच्च्या राहिलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि बागेच्या मातीतून होतो. तेव्हा लेकीने परातीला हात लावायचा नाही, कुंड्यांत मातकाम करायचं नाही, भाजी नीट धुवायची, आणि आपल्या डॉक्टरांच्या कानावर घरात मांजर आहे हे घालायचं. परात घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, हातमोजे घालून, दिवसातून दोनदा.

"दुसरं कोणीतरी" म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. चिरंजीव मांजरासाठी घर सोडायला तयार होते. परात साफ करायला तयार व्हायला जरा वेळ लागला. झाले.

एवढं सगळं करूनही पिल्लाचं पोट बिघडलेलंच राहिलं. पातळ झालं की ते परातीपर्यंत पोचायचंच नाही, वाटेत व्हायचं. वहिनी पुन्हा गडग्यावर. आईचं दूध चालू होतं, वरून मऊ उकडलेला, काटे काढलेला मासा थोडा, मग बिघडतंय कशाने? दुपारी सगळे लवंडले असताना मी सहज वाकून पाहिलं, तर आजी बशीत गाईचं दूध ओतत होत्या. "खा गो बाय, खा. तुला बिचारीला परातीत बसवतात." गाईच्या दुधातली साखर बहुतेक मांजरांना पचत नाही, आणि पोट बिघडवायला ते पहिल्या नंबरचं कारण. हे आजींना कोण सांगणार म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात गुरांचे डॉक्टरच घरी आले. त्यांनी सांगितलं. आजींनी डॉक्टरांचं ऐकलं, कारण त्यांच्या आजोबांना त्या ओळखत होत्या.

त्याच बैठकीत डॉक्टरांनी पिल्लाची शेपटी उचलून बघितली आणि ती 'गो बाय' नसून बोका आहे असं जाहीर केलं. मग दोन सूचना आणखी मिळाल्या. सहा महिन्यांच्या आत नसबंदी करा, नाहीतर मोठा झाल्यावर भिंतीवर फवारे मारील, आणि त्याला कुठलीही परात उपयोगी पडणार नाही. दुसरी म्हणजे बोका परातीत बसून कुंथतोय आणि शू होत नाही असं कधीही दिसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात आणायचं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, अडला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

दूध बंद झालं आणि पोट बांधलं गेलं. आता महाशय आपले आपण कोठीच्या खोलीत जातात, काम उरकतात, आणि वाळू अशी उडवतात की चिरंजीवांना दोनदा केर काढावा लागतो. विहीणबाईंशी जावईबापूंचं बोलणं झालंय. लेक पुढच्या पंधरवड्यात येणार आहे. भाऊंची ताडपत्री तशीच आहे आणि आळीतला वासही.

गोठ्याच्या माळ्यावरची दोन पिल्लं अजून भाटीपाशी आहेत. गणपतीपर्यंत ती आठ आठवड्यांची होतील, त्याआधी कोणी मागायला येऊ नये. नंतर ज्यांना हवी असतील त्यांनी पलीकडच्या वहिनींकडे निरोप ठेवावा. मात्र आजी आधी चौकशी करणार आहेत, आणि गाईचं दूध पाजू म्हणणाऱ्याला पिल्लू मिळणार नाही.